लादीवर ठेवलेले कान

विठ्ठलवाडी, कल्याण (पूर्व)
२६ एप्रिल २०२५

चि. मालन हिस,
दादाचा जय भीम आणि अनेक आशीर्वाद. वि. वि.

दादाला संध्याकाळी मेसेज टाकला तर उत्तर दुसऱ्या दिवशी येतं, अशी तक्रार तू महेंद्रकडे केलीस म्हणे. भावाची तक्रार भाच्याकडे करायची तुझी खोड जुनीच. त्याचं कारण सांगायला मुद्दाम पत्र लिहितोय. मेसेज टाइप करायचा तर बॅटरी खर्च होते, आणि माझं बोट एकदम दोन अक्षरं दाबतं. टपालाच्या तिकिटाला चार्जिंग लागत नाही.

कान गेल्यावर दोन वर्षं मी घरात पाहुण्यासारखा बसून होतो, हे तू पाहिलंसच. कानाच्या मशीनने आवाज मोठा व्हायचा, शब्द काही कळायचे नाहीत. मग महेंद्रने हा फोन आणला. समोरचा बोलला की त्याचं बोलणं अक्षरांत उमटतं. तेव्हापासून मला भाजीवालीशी घासाघीससुद्धा करता येते. पण हे काम बॅटरी फार खातं. संध्याकाळपर्यंत फोन रिकामा.

महेंद्रने सोबत फास्ट चार्जर दिलाय, तो मी कपाटात टाकला. तुमच्या खोपटच्या एसटी डेपोत मी हयात घालवली ती बॅटरी सेक्शनला. घाईने भरलेली बॅटरी उकळते, पाणी उडतं, आतल्या प्लेटा वाकतात. ते पाप मी गाडीच्या बॅटरीशी केलं नाही, या इवल्याशा बॅटरीशी काय करणार? म्हणून दिवे लागले की फोन जुन्या मंद चार्जरला लावतो. कव्हर काढून, थंड लादीवर, पंख्याखाली. तीन तास त्याला हात लावायचा नाही. दुपारी आमचा वरचा मजला तापतो, तेव्हा लावणं नको. आणि रात्री लावून झोपणं म्हणजे गॅस चालू ठेवून गावाला जाणं. प्रियांका हसते. सूनबाईंना हसू दे.

कळावे. लोभ आहे तसाच राहू दे, तक्रारी तेवढ्या कमी कर.
तुझा दादा,
चांगदेव

खोपट, ठाणे
३ मे २०२५

आदरणीय दादा,
धाकटीचा सविनय जय भीम. वि. वि.

पत्र मिळालं. पत्र कसलं, डेपोचं परिपत्रकच ते. माझ्या सुनेला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली मामांच्या फोनचे लाड आमच्या तान्ह्या बाळाचे होत नाहीत.

चेष्टा राहू दे, एक विचारते. प्रियांका लॅबमधून सुटून सान्वीला पाळणाघरातून घेऊन सातला घरी येते. सान्वी साडेनवाला झोपते. महेंद्र शीळफाट्याच्या गर्दीतून सुटेपर्यंत दहा वाजतात. म्हणजे घरात माणसं असतात नेमक्या तेवढ्या वेळात तुझे कान लादीवर. मग दिवसभर भरलेला फोन घेऊन तू बोलतोस कुणाशी? भाजीवालीशी?

बुद्ध पौर्णिमेला खीर घेऊन येते. मुक्कामाला येते, सांगून ठेव.

मुलांना माझी माया सांग. तुझ्यावरही आहे, थोडी.
मालन

विठ्ठलवाडी
८ मे २०२५

चि. मालन हिस,
जय भीम. वि. वि.

ये, जरूर ये. पण येताना ती चेष्टा घरी ठेवून ये.

तुला कानांचं काय कळणार? तुला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. ती दोन वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. सगळे हसले की मीही हसायचो, कशाला ते न कळता. हा फोन सीलबंद आहे, मागचं झाकणसुद्धा उघडत नाही. बॅटरी गेली की फोन गेला, आणि फोन गेला की मी पुन्हा तिथेच. महेंद्रने एकदा घेतला, सारखा सारखा कुठून घेईल? मला भीती वाटते, मालन. संध्याकाळचे तीन तास देऊन बाकीचे दिवस वाचत असतील तर सौदा वाईट नाही.

खीर कमी गोड कर. बाकी भेटीअंती.
दादा

खोपट, ठाणे
१५ मे २०२५

आदरणीय दादा,
मालनचा जय भीम. वि. वि.

सुखरूप पोहोचले. निघताना तुझ्याशी नीट बोलायचं होतं, पण जीभ रेटली नाही. लिहिताना तरी रेटते का बघू.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सान्वी पाळणाघरातून आली ती रडवेल्या चेहऱ्याने. प्रियांका आल्या आल्या माझ्यासोबत ओट्याशी लागली होती. ती धावत तुझ्याकडे गेली आणि सांगू लागली की एक मुलगा रोज तिचा डबा ओढून घेतो, आणि नको म्हटलं तर चिमटा काढतो. तू हसून हो हो म्हणालास, तिच्या गालाला हात लावलास आणि बिस्कीट दिलंस. तिने पुन्हा सांगितलं. तू पुन्हा हो हो म्हणालास. मग ती बिस्कीट घेऊन कोपऱ्यात जाऊन बसली.

मी तिला जवळ घेऊन विचारलं. ती म्हणाली की संध्याकाळी आजोबांचे कान जेवायला बसतात, आणि जेवताना बोलायचं नसतं. आज तिला राहवलं नाही म्हणून बोलली. एरवी ती थांबते, म्हणाली, पण कानांचं जेवण होण्याआधी तिलाच झोप येते. डब्याचं मी प्रियांकाला सांगितलं, तिने दुसऱ्याच दिवशी पाळणाघरात जाऊन बोलून घेतलं. त्याची काळजी करू नकोस.

आता बॅटरीचं. आमच्या खालच्या मजल्यावरची हेमांगी फोन दुरुस्तीच्या दुकानात काम करते, तिला तिथेच गाठलं. ती म्हणाली की तुमचे दादा अगदीच चुकीचे नाहीत. भराभर भरल्याने थोडी झीज होते, पण ती बरीचशी तापण्याने. फोनचा चार्जिंगचा वेग फोन स्वतःच सांभाळतो, भरत आला की हळू घेतो. तुझ्या गाडीच्या पाण्या-ॲसिडच्या बॅटरीचा स्वभाव वेगळा, हिचा वेगळा. फोनसोबत आलेलाच चार्जर लाव, कव्हर काढतोस ते काढत जा, उन्हात आणि उशीखाली ठेवू नको. एवढं केलं तर मंद चार्जिंगने जे वाचेल ते फार नाही.

आणि दुसरं म्हणजे, सीलबंद फोनचीही बॅटरी बदलून मिळते. हेमांगी रोज बदलते. नवा फोन घ्यावा लागत नाही. हे ऐकून मी दुकानातच हसत सुटले. अरे, तू आयुष्यभर डेपोत दुसरं केलंस काय? बॅटरी थकली म्हणून कधी अख्खी एसटी मोडीत काढलीस का?

तुझी भीती मी चेष्टेवारी नेली, ते मनाला लागलंय. रागावू नकोस. रागावलास तर पत्रातच रागव, अबोला धरू नकोस.
तुझी,
मालन

विठ्ठलवाडी
२३ मे २०२५

चि. मालन हिस,
दादाचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. पोर रडत होती आणि मी हसत होतो. ती दोन वर्षं मी लोकांसमोर जे खोटं हसलो, तेच तिच्यासमोरही हसलो. त्या भीतीपोटीच तर मी फोन जपत होतो.

एसटीचं वाचून मात्र स्वतःवरच हसू आलं. डेपोत कुणी असं वागला असता तर मीच त्याला खुळ्यात काढलं असतं.

मग कपाटातून तो चार्जर काढला. प्रियांका यायच्या आधी, सहाच्या सुमाराला लावला आणि पोराचा ताप बघावा तसा दर थोड्या वेळाने हात लावून पाहत बसलो. कोमट झाला, त्यापलीकडे काही नाही. उकळला नाही. सात वाजायच्या आत जवळजवळ भरला. मला तर तो लबाडी करतोय असंच वाटलं.

सान्वी आली तेव्हा फोन माझ्या हातात होता. तिने आधी लादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तिला म्हटलं की कानांचं जेवण आज लवकर उरकलंय, आता बोल. तिचा विश्वास बसेना. अडखळत तिने विचारलं की मुंगी पाण्यात पडली तर तिला पोहता येतं का. फोनने मुंगीची मूठ केली, पण मला समजलं. मी सांगितलं की थोडा वेळ तरंगते, मग आपण तिला पान द्यायचं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि स्वयंपाकघरात पळाली. मला वाटलं, झालं, आपलं काहीतरी चुकलं. तेवढ्यात हातातल्या फोनवर अक्षरं उमटली, तिने आतून ओरडून सांगितलेली: आई, आजोबांना ऐकू आलं.

पुढे ती काय काय बोलली ते लिहायला आंतरदेशीय पुरणार नाही. झोपायच्या वेळेला बॅटरी पार तळाला गेली होती.

हेमांगीला आशीर्वाद सांग. कळावे. माया अशीच करीत जा.
तुझा,
दादा