पंचवीस मीटरवरची चिठ्ठी

आबा,

लागलं! आज सकाळी तुमच्याच जुन्या रेडिओवर, एकतीस मीटरवर, कुठल्यातरी लांबच्या देशाचं स्टेशन लागलं आणि मी ऐंशी ओलांडलेली बाई अशी ओरडले की नात धावत आली. तिला वाटलं, आजी पडली. रेडिओ गेल्याच आठवड्यात दुरुस्त होऊन आला होता. शॉर्टवेव्हवर हल्ली कोण किती वाजता, कुठल्या मीटरवर असतं, त्याच्या सात याद्या नातीनं फोनवर काढून दिल्या. "आजी, ही घे, हिच्यात फोटोपण आहेत," म्हणाली, तर मला हसूच आवरेना. फोटोवाल्या यादीनं माझी एकदा काय फजिती केली होती, ते तिला कुठून ठाऊक असणार? मी तुमच्या रीतीनं बसले. आधी तारीख बघितली, तिथंच चार गळल्या. मग आपल्याला हमखास लागणारं एक स्टेशन यादीत बरोबर दिलंय का ते बघितलं, आणखी एक गेली. उरलेल्या दोनांतल्या एकीत यादी करणाऱ्यानं खाली लिहिलं होतं, हे मी काल स्वतः ऐकलं. तीच धरली, आणि पहिल्या फटक्यात लागलं! तेव्हापासून काम सुचेना, म्हणून हे लिहायला घेतलं.

रेल्वेचं इंजिन चालवता चालवता त्याच्या धडधडीनं तुमचे कान गेले, तपासणीत तुम्ही नापास झालात, आणि दौंडच्या शेडमध्ये तुम्हाला टेबलावर बसवलं. ज्या हातांनी गाडी मनमाडला न्यायची ते हात दिवसभर टाइमटेबलांत दुरुस्तीच्या चिठ्ठ्या डकवायला लागले. एखादी वेळ बदलली की जुन्या वेळेवर नव्या वेळेची छापील पट्टी चिकटवायची, एवढंच काम. मला वाटलं होतं, आता तुम्ही खचणार. तुम्ही उलट ती रीत घरी आणलीत. जगभरच्या स्टेशनांचं एक जाडजूड पुस्तक तुमच्याकडे होतं, पण रेडिओवाले हंगामागणिक मीटर बदलायचे, म्हणून मग तुम्ही त्यातही चिठ्ठ्या डकवू लागलात. खळ मी करायची. मी चुलीवर मैद्याची खळ ढवळते आहे, आई "चपात्यांचा तवा आडवून बसली बघा ही," म्हणून कुरकुरते आहे, आणि तुम्ही क्वार्टरच्या दारात कातरीनं कागदाच्या पट्ट्या कापताय. पुस्तक फुगून खोबऱ्याच्या वाटीसारखं झालं होतं. बारीक स्टेशन तुम्हाला ऐकू यायचं नाही, म्हणून ऐकायचं काम माझं. मी मान हलवायची, मग तुम्ही पेन्सिलीनं चिठ्ठीवर बरोबरची खूण करायचात. "ऐकल्याबिगर खूण करायची न्हाई," हे तुम्ही मला इतक्यांदा बजावलंत की आई झोपेतसुद्धा बोलायची ते.

खरी माहिती यायची ती शिरूरहून. तिथले सायकल दुरुस्तीवाले चाचा, तुमचे जुने दोस्त, रोज संध्याकाळी दुकान बंद करून रेडिओला बसायचे आणि दर आठवड्याला कार्ड टाकायचे. जांभळ्या पेन्सिलीचं वेडंवाकडं अक्षर, वर ग्रीसचा अंगठा. 'फलाणं स्टेशन पंचवीस मीटरला, काल सांजच्याला ऐकलं, साफ.' त्याखाली, 'ढमकं स्टेशन तीन दिस बघितलं, न्हाई लागलं.' मी तोंड वाकडं करायची. मॅट्रिक झाले होते ना, कार्डावरचा डाग दिसायचा. तुम्ही म्हणायचात, "आगं, जो न्हाई लागलं म्हून लिवतो, त्याचंच लागलं खरं आसतं. आन् दौंडाचंच टाइम ज्यात चुकलंय, त्या टाइमटेबलावर मनमाडचं काय धरायचं?" मला पटायचं, पण अर्धंच.

मग दादाचं पत्र आलं. दादा विलायतेला कारखान्यात काम शिकायला गेला होता, त्याला दीड वर्ष झालं होतं. तिथल्या रेडिओच्या हिंदी कार्यक्रमात परमुलखात राहणाऱ्या लोकांचे आवाज घेत होते, त्यात त्याचाही घेतला होता. पुढच्या महिन्यातल्या एका रविवारी, आपल्याकडे रात्री आठ वाजता, मिनिटभर. मिनिटभर, आबा! आईनं ते पत्र देवापुढे ठेवलं.  संध्याकाळी तुम्ही मला हळूच म्हणालात, "कान आजून थोडं शिल्लक हायत, तवर ऐकून घिऊ त्याला." त्या दिवशी मला कळलं की कान रोज थोडे जात होते आणि तुम्ही ते कुणाला सांगत नव्हता.

त्याच सुमारास त्या विलायती रेडिओची कार्यक्रमांची पुस्तिका टपालानं आली. काय कागद होता! गुळगुळीत, वर रंगीत चित्र, आत ओळीत छापलेले आकडे. हिंदी कार्यक्रम एकोणीस मीटरवर, असं तीत स्पष्ट लिहिलेलं. चाचांच्या कार्डावरून तुम्ही आदल्याच आठवड्यात पंचवीस मीटरची चिठ्ठी डकवली होती, खूण अजून व्हायची होती. मी मनात म्हटलं, खुद्द रेडिओवाले खोटं छापतील का? तुम्ही शेडमध्ये होता. मी खळ केली, तुमच्या वळणाच्या अक्षरात पट्टी लिहिली आणि पंचवीसवर एकोणीस डकवलं. वर खूणही केली, हुबेहूब तुमच्यासारखी. ऐकलं नव्हतं. पुस्तिका कुठल्या तारखेपर्यंतची, तेही बघितलं नव्हतं. ती होती उन्हाळी हंगामाची, आणि आगबोटीनं येईपर्यंत तिकडचा तो हंगाम कधीच सरला होता.

तो रविवार उजाडला. चाचा दुपारच्या एसटीनं शिरूरहून आलेले, नवी टोपी घालून. तुम्ही दाढी केलेली, जसं काही दादाच रेडिओतून तुम्हाला बघणार होता! पावणेआठलाच रेडिओ तापवून ठेवला. मी पुस्तक उघडून काटा एकोणीसवर नेला. आठ वाजले. नुसती खरखर. मी काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करते आहे, आणि तुम्ही कान रेडिओच्या जाळीला लावून माझ्या तोंडाकडे बघताय. चाचा पुढे वाकले. "बेटी, हितं कशाला लावलंय? म्या पंचवीस लिवलं व्हतं न्हवं?" तुम्ही पुस्तक ओढलंत, अंगठा जिभेला लावलात आणि माझी चिठ्ठी ओली करून सोलून काढलीत. खाली पंचवीस, तुमच्या हातचं.  काटा चाचांनी फिरवला.

आणि लागलं, आबा! दादाच! वाक्याच्या मधूनच, हिंदीत, पण आवाज तोच, सर्दी झाल्यासारखा. "...और शाम को दौंड के इंजन की सीटी बहुत याद आती है." मग दोन शब्द पुसट झाले, आणि कार्यक्रम घेणारी बाई पुढच्या माणसाकडे वळली. आई हुंदके देत हसत होती. मी तर नाचलेच. एवढ्या समुद्रापलीकडून दादा आपल्या क्वार्टरमध्ये येऊन गेला होता! तुम्ही माझा दंड धरलात. तुम्हाला त्यातलं काही कळलं नव्हतं, फक्त कुणीतरी बोलतंय एवढंच. "काय म्हणाला? माझं काय म्हणाला?"

शिट्टीचं सांगितलं. तुम्ही तरी बघतच राहिलात. मग मी म्हणाले, "म्हणाला, आबांना नमस्कार. पहिल्यांदा तुमचंच नाव घेतलं." तुम्ही चाचांकडे वळलात, कारण चाचा न ऐकलेलं कधी बोलत नाहीत हे तुम्हाला माहीत होतं. चाचांनी टोपी सारखी केली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "व्हय. ऐकलं म्या बी. साफ."

तुम्ही पेन्सिल घेऊन पंचवीसच्या चिठ्ठीवर खूण केलीत. सोललेली पट्टी निरखून म्हणालात, "म्याच डकवली आसंल ही. वय झालं माझं." मी ती पट्टी त्याच पानात ठेवून पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी चाचांना एसटीवर सोडायला गेले, तेव्हा सगळं कबूल करायचं ठरवलं होतं. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "तारीख बघत जा, बेटी." एवढंच. मी कानाला खडा लावला, आणि आज सकाळी तो कामी आला.

दादा पुढं परत आला. तुम्ही त्याला त्या मिनिटाबद्दल कधी विचारलं नाहीत. पुस्तकात खूण होती, मग विचारायचं कशाला? तो आता पुण्यात असतो, रोज फोन करतो. एकोणीसची ती पट्टी पुस्तकातच आहे, खळ सुकून टणक झालेली. तुम्ही जाऊन चाळीस वर्षं झाली, हे पत्र मी कुठल्या टपालात टाकणार? त्याच पानात ठेवते. सुरुवातीला तू काय बोलला होतास, हे दादाला विचारायला मी कितीदा तरी फोन हातात घेतला, पण विचारवलं नाही. तुम्हाला मात्र आज सांगते, तुमच्याच बोलीत. न्हाई आबा. तुमचं नाव म्या ऐकलं न्हवतं.