मांड्यांची चूल आणि रुंद रस्ता

प्रति,
मा. वॉर्ड अधिकारी साहेब,
रस्ते व दबाण (अतिक्रमण) खाते, वॉर्ड कचेरी, सुरत.

दि. ६ मार्च १९७४

विषय : गल्लीच्या सुधारणेबद्दल आभार, तसेच त्याच सुधारणेपासून आमची चूल वाचवण्याबाबत.
संदर्भ : शिपाई राघो यांनी आणलेले आपले दोन हुकूम (एक लेखी, एक तोंडी).

महोदय,

मी, भिकन रामजी वाघ, मूळचा धुळे जिल्ह्यातला, हल्ली इथे लूम कारागीर, सविनय सादर करतो की,

१. समोर आनंदनगर सोसायटीचे बंगले झाल्यापासून आमचे नशीब उजळले आहे. दिवा आला, नळ आला, डांबर आले. नळाला पहिले पाणी आले त्या दिवशी माझी पत्नी केशरबाई भरलेली बादली ओतून पुन्हा भरत होती, केवळ आनंदासाठी. मात्र डांबरामागोमाग खोल्यांची भाडीही चढली आणि शेजारचा पंडित वगैरे भाडेकरू लांब गोडादऱ्याला निघून गेले, याचे फार वाईट वाटते. आता ते फक्त रविवारी येतात, तेही आमच्या चुलीमुळे.

२. सदर चूल दारापुढे असून तिच्यावर पालथे खापर ठेवून केशरबाई पुरणाचे मांडे भाजून विकते. सोसायटीचे सेक्रेटरी भाईदास शेठ धुराची तक्रार घेऊन आले होते. बोलता बोलता त्यांनी एक मांडा खाल्ला. तक्रार तिथेच राहिली. पुढे शेठ रोज येऊ लागले, मग त्यांचे व्याही, मग व्याह्यांच्या ओळखीच्यांच्या मोटारी.

३. मोटारींना रस्ता अपुरा पडू लागला, सबब शेठनी रुंदीकरणाचा अर्ज केला. रुंदीकरणात आमची चूल हातभर आडवी येते, सबब ती शुक्रवारी पाडण्याची नोटीस निघाली. म्हणजे मांडे खायला येणाऱ्या मोटारींना जागा व्हावी म्हणून मांडे बंद होणार. हे ऐकून केशरबाई इतकी हसली की हातावर पसरलेला मांडा फाटला. 

४. राघो यांनी नोटीस भिंतीला डकवली, हात धुतले, दोन मांडे खाल्ले आणि दुसरा निरोप सांगितला : रविवारी साहेबांच्या कन्येचा साखरपुडा आहे, मांडे केशरबाईच्याच हातचे पाहिजेत. त्यावर ती एवढेच म्हणाली, "साहेबले इचारा, चूल आधी तोडशात का मांडा आधी खाशात?"

५. तरी रस्ता आमच्या दारापाशी हातभर वळवावा. वळणाने वाहतुकीस अडथळा येणार नाही, कारण मोटारी इथेच थांबतात, पुढे जातच नाहीत. ते शक्य नसल्यास साखरपुडा गुरुवारी उरकावा. दोन्ही हुकूम पाळणे आमच्या हाती नाही.

आपला आज्ञाधारक, परंतु चुलीच्या बाजूचा,
भिकन रामजी वाघ
(केशरबाईचा अंगठा, पुरण लागलेला)

सोबत : एक मांडा, फडक्यात बांधून. ही लाच नसून पुरावा आहे. राघो यांना त्यांचा वेगळा दिला आहे, तेव्हा वाटेत कमी होणार नाही. फडके रिकामे परत आल्यास पुरावा मान्य झाला असे समजून शनिवारी याच चुलीवर पुरणाची डाळ शिजत घालू.