आप्पा आणि भाऊशेठ एकाच फ्लेक्सवर

नित्या,

परवापासून डोळा लागला नाय रं. तुझे पुढारी आप्पा घरी येऊन गेले तवापासून. उद्या कोर्टात माझी साक्ष हाय. तुला मारताना मी बघितलं, ते सांगायचंय. भ्या वाटतं, म्हणून तुलाच लिहिते. दुसऱ्या कुणाशी बोलू?

तुझ्या वर्षश्राद्धाला कशेळ्याच्या नाक्यावर फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. तुझ्या फोटोच्या एका बाजूला हात जोडून आप्पा, दुसऱ्या बाजूला भाऊशेठ. ज्याच्या माणसानं तुला साजगावात कंपनीच्या गेटवर तोडला, तो भाऊशेठ. मी तुझा डबा घेऊन आलेली, समोरच उभी होते.

कंपनीच्या भंगाराच्या ठेक्यासाठी दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेले. तू आप्पासाठी मेलास, आणि आता भंगार दोघांत निम्मंनिम्मं. आणि खाली कोण माहिताय? आपला ओम. चार वर्षांचं पोर, अजून नाक पुसता येत नाय, आणि नावापुढं 'युवा नेतृत्व'.

मी भाजीवाल्या मावशीचा विळा घेतला आणि भर बाजारात स्टुलावर चढले. जीपवाला बोलला, "वहिनी, उतरा, पडाल."

"तू स्टूल धर," मी बोलले. धरलं त्यानं.

तुला कापून काढला, ओमला पण. ते दोघं राहिले तिथंच, मधल्या भोकाला हात जोडून.

म्हणून तर आप्पा आले. "सूनबाई, माणूस ओळखू आला नाय, एवढंच बोल कोर्टात. ओमला मी मोठा करीन."

"कशाला आप्पा? पुढच्या फ्लेक्ससाठी?"

चहा तसाच ठेवला त्यांनी. "एकुलतं एक पोर हाय तुझं," बोलले आणि चपला घातल्या.

तू बोलायचास, आप्पा बापासारखे हायत. कितीदा सांगितलं तुला, सोड त्यांचा नाद. ऐकलंस कधी? भिवपुरी स्टेशनाबाहेर मला बघायला यायचास, रोज बाईक बंद पडल्याचं नाटक करायचास. मी बोलले, "पेट्रोल भरा आधी, मग लाईन मारा." तवा कसा लाजलेलास. त्या लाजऱ्या पोराशी मी लग्न केलं रं, आप्पाच्या माणसाशी नाय.

उद्या मी नाव घेणार. ज्यानं मारलं त्याचं, आणि घरी येऊन खोटं बोलायला सांगितलं त्या आप्पाचं पण. ओम शाळा शिकंल, नाय जमलं तर भाजी विकंल, पण कुणाचा माणूस होणार नाय. हा माझा शब्द.

तुझी सुगंधा

हे तांदळाच्या डब्यात ठेवते. मी उद्या सांजपर्यंत आले नाय तर ज्याला गावंल त्यानं माझ्या भावाला फोन करा, नंबर झाकणाच्या आतून लिहिलाय. लग्न केल्यापासून माझ्याशी बोलत नाय तो, पण फोन उचलंल. त्याला सांगा, ओम शेजारच्या काकूकडं हाय, येऊन घेऊन जा. मला शोधत बसू नको, आधी पोराला घे. फोन कराच.