खाडीचा दीड तास

बाबा, गेल्या महिन्यात माझ्यामुळे तुमची नात बुडता बुडता वाचली. तुम्ही गेल्यावर तीन वर्षांनी जन्मलेली ती, आता बारा वर्षांची आहे. आपल्या खाडीकाठच्या शेतावर आता गोदामं आहेत आणि दारात फोर बाय फोर गाडी उभी असते. ती नुसती उभी ठेवून काय उपयोग, म्हणून पोरीला घेऊन मी पार गुजरातच्या टोकाला गेलो, समुद्रकाठच्या राष्ट्रीय उद्यानात. शेवटचे काही किलोमीटर रस्ता असा नाहीच, नुसता चिखल आणि वाळू. गाडी गुरगुरत पुढे जात होती आणि मी राजासारखा बसलो होतो. वाळू संपली तिथे वनरक्षकाने गाडी थांबवायला लावली. पुढे ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवरून पायी जायचं होतं. "साहब, दस बजे तक वापस आ जाना," तो म्हणाला. मी हसलो. खाडीकाठच्या माणसाला हा पाणी शिकवणार.

आपल्या कोन गावच्या खाडीत होडी वल्हवताना तुम्ही शिकवलेलं मला पाठ होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, आणि त्यात वर दीड तास. त्या दिवशी चतुर्थी. पाऊणपट तीन, वर दीड, म्हणजे भरती साडेचारला आणि पूर्ण ओहोटी सकाळी साडेदहाला. बारापर्यंत काळजी नाही, तुझ्या आजोबांचा हिशोब आहे, असं मी पोरीला ऐटीत सांगितलं. एका दगडाखाली ऑक्टोपस दिसतो, ती त्याच्याजवळ उकिडवी बसते, मी फोटो काढत राहतो. दहाला वनरक्षक लांबून शिट्टी मारतो. मी हात हलवतो आणि आणखी पुढे जातो. अकराच्या सुमाराला परत फिरलो, तर येताना घोट्याएवढा असलेला ओहोळ तिच्या छातीला लागला. पाण्याला ओढ होती. तिचा हात माझ्या हातातून सुटला, बाबा. वनरक्षक कपड्यांनिशी पाण्यात उतरला म्हणून ती हाती लागली.

गाडीत ती थरथरत बसली होती आणि मला तेव्हा कुठे तुमचं बोलणं आठवलं. "ह्यो दीड तास आपले खाडीचा हाय. पानी आत येवाला वेळ लागतं. उघड्या दर्यावर ह्यो न्हाय धरायचा." मी पेरू खाण्यात गुंग होतो, म्हणून पाठीत धपाटा घालून तुम्ही ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं होतं. म्हणजे तिथे पाणी नऊलाच फिरलं होतं. एवढ्यात पोरीने विचारलं, "पप्पा, तुम्ही तर बारा म्हणाला होता ना?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आजोबांचा हिशोब चुकला."

मग घरीही तेच सांगितलं. तुमचे धाकटे भाऊ, शेलार गावचे काका, ऐकून घेत होते. "दादा पान्याला चुकला? त्यो न्हाय चुकायचा," एवढंच म्हणून ते चहा अर्धा टाकून उठले. परवा तुमच्या फोटोला हार घालायला मी पोरीला बोलावलं. ती म्हणाली, "यांच्यामुळे मी मेले असते." मला लाज वाटली. हार मीच घातला.

हे पत्र कुठे जाणार नाही, ते मला ठाऊक आहे. खरं तर ते तिला लिहायचं होतं. तीनदा कागद घेऊन बसलो आणि तिन्ही वेळा तुम्हालाच लिहायला लागलो, कारण तुम्ही वाचणार नाही.