मामांना कुशीवर वळवताना

ती. ताईस नमस्कार.

तक्रार करण्याइतका जिवंत आहे, तेव्हा काळजी नसावी. इथल्या उशीने माझ्या मानेशी उभं वैर धरलं आहे. या अन्यायाची दाद कुठे मागावी, तूच सांग.

रुग्णालयातलं काम ठीक. मृतांना अंघोळ घालून घरच्यांच्या हवाली करायचं. जोडीला एक म्हातारे कामगार होते, सगळे त्यांना मामा म्हणायचे. इथे जिवंतांना खाटेच्या नंबराने हाका मारतात. मामा मेलेल्यांनाही अहो-जाहो करायचे. "आजी, हात उचलतो हं, पाणी गार आहे."

मी हसायचो. "मामा, त्यांना ऐकू येतं का?"

"त्यांना नसेल, मला येतं ना!"

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींशी भांडतेस की अबोला आहे? भांडत जा, अबोला वाईट.

सोमवारी टेबलावर मामाच आले. झोपेतच गेले म्हणे. साहेब दारातून ओरडले, "ए, आटप लवकर, टेबल रिकामं कर!"

मी दार लोटून घेतलं. पाणी कोमट केलं, मामांच्या खांद्याखाली हात घातला आणि म्हणालो, "मामा, कुशीवर वळवतो हं. सावकाश."

माझं मलाच ऐकू आलं.

तुझा,
वाकड्या मानेचा धाकटा