दुसरा पाट

आई,

काल भाऊबीज झाली. गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं आणि ताट घेऊन खाली आले, तर यांनी विचारलं, एवढा वेळ वर काय करत होतीस? कोर तर कधीच बुडाली. मी म्हटलं, आईशी बोलत होते. ते हसले. पण मी खरंच बोलत होते, आणि बोलणं अर्धवट राहिलं म्हणून आज कागद घेऊन बसले आहे.

मी इंदापूरला कॉलेजात जायला लागले त्या वर्षीची ती दिवाळी. आपल्या कळंबात नुकताच पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ झाला होता आणि तिथं सोमेश्वरनगरहून आत्याचा निरोप आला. भाऊबीजेला बारामतीत महाराजांचं दर्शन आहे, सकाळपासून दुपारपर्यंत, कुणीही यावं. आणि महाराजांच्या शेजारी बसून प्रसाद देतो, तो तुझा भाऊ. मेंढरं विकली त्या वर्षी मामा घर सोडून महाराजांच्या मागं गेला, तो परत आलाच नव्हता. तुमची आई लवकर गेली. त्याला पाठीशी बांधून तू कळपामागं हिंडलीस, तुझ्या हातचं खाऊन तो मोठा झाला. निरोप ऐकून तू बूथवरून तडक निघालीस. घरी येऊन कानवले तळायला घेतलेस आणि मुद्दाम कडा करपवल्यास. त्याला तसेच आवडायचे म्हणे. मला आणि तात्यांना मात्र करपलेलं काही वाढलंस आणि आम्ही कुरकुरलो, की वर बोलणी खावी लागायची!

भाऊबीजेला आपण दरवर्षीच आत्याकडं जायचो, तात्यांना ओवाळून घ्यायला. बारामती वाटेवरच. तू सगळा दिवस त्या दर्शनाभोवती बसवलास. पहिली एसटी धरायची, आधी दर्शन, मग पुढची गाडी, दिवे लागायच्या आत आत्याच्या दारात. त्याला ओवाळेपर्यंत तू पाणीसुद्धा घेणार नव्हतीस. पिशवीत ताट, निरांजन, भंडारा, सुपारी, काडेपेटी. तात्या म्हणाले, "अगं, तितं ववाळू देतील व्हय?" तू म्हणालीस, "भावाला ववाळायला कुणाला इचारायचं?" तात्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. या विषयात त्यांनी याआधी एकदाच तोंड उघडलं होतं. आत्या तात्यांसाठी पाट मांडायची, त्याच्या शेजारी तू दुसरा पाट मांडायचीस, रिकामा. आत्यानं तो कधी उचलला नाही. एका वर्षी तात्या सहज म्हणाले, पोरगी चंद्राला ववाळती, तू बी तिच्यासंगं ववाळ. तू अशी फिरलीस त्यांच्यावर! "ज्यांना भाऊ न्हाय त्यांनी चंद्राला ववाळायचं. माझा जित्ता हाय." मी अंगणात ताट घेऊन उभी होते. मला भाऊ नव्हता. ते तू मला बोलली नव्हतीस, हे कळत होतं, तरी लागलं.

बारामतीत मांडव मोठा होता. बायकांची रांग वेगळी, म्हणून तात्या पलीकडं गेले. सुरुवातीलाच एका स्वयंसेवकानं कानवल्यांचा डबा मागितला आणि सगळे कानवले मोठ्या टोपलीत ओतले, पेढे, केळी, नारळ यांच्यात. तू त्या टोपलीकडं बघत राहिलीस. मला वाटलं, आता भांडशील. पण तू नुसती म्हणालीस, "त्याच्या हाताला लागंल कवातरी." रांग सरकत गेली तशी तू पदर सारखा करत होतीस, मला विचारत होतीस, "कपाळ नीट हाय का माझं?" मग तो दिसला. दाढी वाढलेली, भगवं नेसलेला, मांडीवर खडीसाखरेचं ताट. तुझा हात माझ्या मनगटावर इतका घट्ट बसला की बांगडी रुतली.

आणि तू ते केलंस, जे फक्त तूच करू जाणे. महाराजांसमोरून वाकल्याशिवाय पुढं गेलीस, थेट मामापुढं, आणि पिशवीतून ताट काढलंस. मागच्या बायका कुजबुजायला लागल्या. स्वयंसेवक धावला. "मावशी, आधी महाराजांचं दर्शन घ्या." तू काडी ओढत म्हणालीस, "त्येंना समदे हायत. ह्याला मी एकटीच हाय." काडी विझली. दुसरी ओढलीस, तीही विझली.  मामानं वर बघितलं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते, काहीतरी हलेल म्हणून. त्यानं खडीसाखर उचलली, तुझ्या हातातल्या ताटात टाकली, जशी सगळ्यांना देत होता तशीच, आणि खाली बघत हळू म्हणाला, "पुढं चला, माई." महाराज पलीकडं कुणाच्या तरी लेकराच्या डोक्यावर हात ठेवत होते, त्यांना यातलं काही कळलंही नसेल. मागच्या बाईनं तुला पुढं ढकललं आणि आपण मांडवाबाहेर उन्हात आलो.

ओळखलं नसेल, असं माझ्याकडून सगळं ऐकून तात्या एसटीत म्हणाले. तू खिडकीतून बघत होतीस. उसाच्या गाड्या कारखान्याकडं चालल्या होत्या, ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहत होत्या. नजर बाहेरच ठेवून तू म्हणालीस, "वळाकलं की. वळाकलं म्हणून तर खाली बघून बोलला." 

आत्यानं दिवे लावले, पाट मांडला आणि सवयीनं तुझ्याकडं बघितलं. तू दुसरा पाट मांडला नाहीस. आत्या तात्यांना ओवाळत असताना मी माझं ताट घेऊन अंगणात गेले. कारखान्याच्या धुराड्याच्या बाजूला बारीक कोर होती. मी निरांजन लावलं, तेवढ्यात मागून तुझी पावलं वाजली. हातात तुझं ताट, त्यात अजून ती खडीसाखर. तू म्हणालीस, "सरक जरा. मला बी जागा दी." मी सरकले. तू माझ्या वातीवर तुझी वात लावलीस आणि चंद्राला ओवाळलंस, सावकाश, जसं समोर माणूस बसलंय. अक्षता टाकल्यास. आणि मग ताट खाली ठेवून जी रडलीस, तसं रडताना तुला मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

त्यानंतर तू होतीस तोवर दर भाऊबीजेला आपण दोघी मिळून ओवाळलं. तू गेल्यावर मामा आला नाही. त्याला कुणी कळवलं की नाही, तेही मला माहीत नाही. काल गच्चीवर मी सवयीनं जरा सरकून उभी राहिले, तुझ्यापुरती जागा सोडून.

हा कागद कुठं पाठवणार! तुझ्याच त्या ताटाखाली ठेवून देते. एक मात्र तुझ्यासमोर कधी बोलता आलं नाही, ते लिहिते. त्या संध्याकाळी तू माझ्या शेजारी उभी राहून रडत होतीस, मलाही तुझ्यासाठी भरून आलं होतं, आणि तरीही आई, चंद्राखाली मी पहिल्यांदाच एकटी नव्हते म्हणून मला बरं वाटलं होतं.