गरुडाने फाडलेला पडदा

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे तूर्त मनातल्या मनात). तुझी तब्येत विचारत नाही. तू ‘ठीक’ एवढंच लिहितोस आणि पोस्टकार्ड वाया जातं. माझी उत्तम आहे, पाठीवरचे ओरखडे सोडले तर.

त्याचं असं झालं. गावाबाहेर जखमी शिकारी पक्ष्यांना सांभाळणारी एक संस्था आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंना प्रत्येक पक्ष्याचा फोटो हवा होता. फोटो पाहून लोक एकेकाचं पालकत्व घेतात म्हणे. मी फुशारकी मारली, की जन्मभर आम्ही भावांनी स्टुडिओ चालवलाय, रडकी पोरं आणि रुसलेले नवरदेव सरळ बसवलेत, तिथे पक्ष्यांची काय कथा. घुबडाने अब्रू राखली. आपल्या हेडमास्तरांसारखं एकटक बघत बसलं. घारीने मात्र माझी टोपी पळवली (तू दिलेलीच, तिला जास्त शोभते).

राहिला गरुड. तारेत अडकून त्याचा पंख मोडला होता. हाड कधीच जुळलं, पण आल्यापासून पठ्ठ्याने पंख म्हणून उघडला नाही. भिंतीकडे तोंड करून बसायचं, कुणी समोर ठेवलं तर खायचं, नाहीतर नाही. आता नुसती पाठ पाहून कोण पालक होणार? मी जंग जंग पछाडलं. शेवटी ठरवलं, बाजूने फोटो काढावा आणि ओल आलेल्या भिंतीवर तू स्टुडिओसाठी रंगवलेला पडदा टांगावा. तोच, चांदणं, तळं, संगमरवरी पायऱ्या आणि दोन हंस.

पडदा उलगडला आणि रंगाचा, डांबराच्या गोळ्यांचा तो जुना वास आला. दादा, घटकाभर मी कॅमेराच विसरलो. तू स्टुलावर, खाली वहिनी रंगाचा डबा धरून. त्या म्हणाल्या, हंस बदकांसारखे झालेत, आणि तू चहा घेतला नाहीस. अख्ख्या गावाने त्या तळ्याकाठी फोटो काढले, पण हंसांना चांगलं कुणी म्हटलं नाही. ते दिवस फार आठवतात रे.

तेवढ्यात गरुडाची मान वळली. त्याने दोन्ही पंख उघडले आणि थेट डाव्या हंसावर झेप घेतली (मधे मी होतो, म्हणून ओरखडे). हंसाच्या चिंध्या झाल्या. मी पडदा वाचवायला धावतोय आणि बाई डोळे पुसत म्हणतायत, “काका, राहू द्या पडदा. पंख उघडला त्याने.”

असो. पडद्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मला इथे काही कमी नाही, स्टुडिओची आठवणही येत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. सोबत उघडलेल्या पंखांचा फोटो आहे, धावता धावता बटण दाबलं गेलं. हललाय. हललेले फोटो तू टोपलीत टाकायचास. हा टाकू नकोस.

आणखी ता. क. पंखाला व्यायाम म्हणून बाईंना नवा पडदा हवाय. मी हंस काढून पाहिले. गरुडाने एकदा बघितलं आणि पुन्हा पाठ फिरवली.

शेवटचा ता. क. वहिनी गेल्यापासून तू ब्रश हातात घेतला नाहीस आणि कुणी वाढलं तरच जेवतोस, हे पुतणीने कळवलंय. माझ्या शेजारची खोली झाडून ठेवली आहे. ये. आणि हंस वहिनी म्हणायच्या तसेच काढ, बदकांसारखे. त्याला तेच लागतात.